तुम्ही विचारलंत म्हणून : श्वास कुठं घेऊ जी?

कार्यक्रम संपतो, तबल्यावर खोळ चढते, मी हार्मोनियमचा भाता अडकवत असते आणि तेवढ्यात कुणीतरी जवळ येतं. "ताई, ते कॉम्प्युटरवर सूर लिहायचं कोणतं सॉफ्टवेअर घेऊ? आणि आवाज कुठले टाकू? खरे वाटले पाहिजेत हो." नागपुरात प्रतापनगरच्या भाजीबाजारात विचारलंय, लग्नाच्या पंगतीत विचारलंय, एकदा तर बँकेच्या काउंटरवर, माझ्यासमोर पासबुक सरकवता सरकवता विचारलंय. दरवेळी मी घाईत काहीतरी नाव सांगून मोकळी होते आणि घरी येताना वाटतं, चुकीचं सांगितलं.

कारण नाव सांगण्याआधी मी उलट विचारायला हवं होतं, की तुम्ही लिहिलेलं वाचणार कोण?

हे मला एका दिवाळी पहाटेनं शिकवलं. आमच्या कॉलनीत दरवर्षी असते. सतरंज्या, थंडी, शेवटी तर्री-पोहे. त्या वर्षी मी भूप रागातला एक तुकडा बांधला. व्हायोलिन, बासरी, माझी हार्मोनियम, तबला आणि शेवटी गाणारी एक मुलगी. म्यूजस्कोर या सूर लिहायच्या सॉफ्टवेअरवर रात्री जागून लिहिला. त्यात म्यूज साउंड्स या त्याच्या आवाजसंचातले आवाज घातले, लॅपटॉप स्पीकरला जोडला आणि ऐकवला. नवऱ्यानं हातातला पेपर खाली ठेवला, जे तो सहसा करत नाही. मी हवेत. चार प्रिंटा काढल्या, प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये घातल्या.

तालमीला बासरीवाले काका महालातून आले. अजनीला रेल्वेत होते, आता निवृत्त. त्यांनी कागद आधी जवळ धरला, मग लांब धरला आणि शांतपणे म्हणाले, "हे इंग्रजी आहे जी." बरोबरच होतं. पाच रेघांचं स्टाफ नोटेशन त्यांनी आयुष्यात वाचलेलं नव्हतं. ते सरगम वाचतात. मग मी एकेक ओळ गाऊन दाखवली आणि त्यांनी पेन्सिलीनं रेघांच्या खाली सा रे ग लिहून घेतलं. दुसऱ्या पानावर पेन्सिल थांबली. "ताई, मी श्वास कुठं घेऊ जी?"

मी बासरीला सलग चौदा बार दिले होते, मध्ये विश्रांती शून्य. लय मिनिटाला ६० मात्रा, चार मात्रांचा एक बार, म्हणजे ५६ सेकंद. लॅपटॉपमधली बासरी हे सगळं आनंदानं वाजवत होती. तिला फुप्फुसं नाहीत.

तेव्हापासून माझं मत पक्कं आहे: लिहायचं सॉफ्टवेअर आणि आवाज या दोन वेगळ्या खरेद्या आहेत, आणि पहिली करताना दुसरीकडे बघायचं नाही. सॉफ्टवेअर हे समोरच्या वाजवणाऱ्यासाठी असतं. आवाज असतो तुमच्या कानांसाठी, आणि तो तुम्हाला गोड बोलून फसवू शकतो.

तुमचे वादक स्टाफ वाचत असतील, म्हणजे व्हायोलिन, गिटार, कीबोर्ड शिकलेली पोरं असतील, तर प्रश्न फार मोठा नाही. म्यूजस्कोर घ्या. आता त्याचं नाव म्यूजस्कोर स्टुडिओ आहे. मुक्त स्रोत आहे, मोफत आहे, आणि २०२२ च्या डिसेंबरात चौथी आवृत्ती आली तेव्हापासून त्याचे आवाजही ऐकण्यासारखे झाले. एवढंच सांभाळा की त्याच नावाचं, तयार शीट्स मिळणारं एक वर्गणीचं संकेतस्थळ आहे. लोक तिथं पैसे भरतात आणि समजतात सॉफ्टवेअर विकत घेतलं. सॉफ्टवेअरला पैसा लागत नाही.

पैसे मोजायचेच असतील तर सिबेलियस आणि डोरिको ही दोन नावं. १९९३ चं सिबेलियस हे जुनं घर. २०१२ साली त्याच्या लंडनमधल्या मंडळींना कंपनीनं काढलं, ती मंडळी स्टाइनबर्ग या दुसऱ्या कंपनीकडे गेली आणि २०१६ मध्ये डोरिको घेऊन आली. भाऊबंदकीतून निघालेलं नवं दुकानच म्हणा. दोघांच्याही छोट्या मोफत आवृत्त्या आहेत, वाद्यांच्या संख्येला मर्यादा घालून. डोरिकोचं पान सुरेख दिसतं आणि प्रत्येक वादकाचा सुटा कागद ते शहाणपणानं काढतं. पण ते शिकायला सवड हवी. दिवसभर खतावण्या लिहून आलेल्या माणसाला रात्री साडेनऊला ती सवड असते का, हे ज्याचं त्यानं ठरवावं. माझ्याकडे नव्हती.

आणि काहीही घेतलंत तरी एक सवय लावा: काम झालं की म्यूझिक-एक्सएमएलमध्ये एक प्रत काढून ठेवायची. १९८८ पासून चालत आलेलं फिनाले नावाचं सॉफ्टवेअर, एकेकाळी ज्याच्यावर पुस्तकंच्या पुस्तकं छापली गेली, ते २०२४ च्या ऑगस्टमध्ये बंद होत असल्याचं त्याच्या कंपनीनं जाहीर केलं. प्रत्येक सॉफ्टवेअरची फाइल स्वतःच्याच भाषेत बोलते. म्यूझिक-एक्सएमएल ही त्यांची सामाईक भाषा, सगळ्यांना कळते. छपाईच्या बारीकसारीक गोष्टी इकडेतिकडे होतात, सूर राहतात.

आता आपला खरा प्रश्न, सरगमवाल्यांचा. ही सॉफ्टवेअरं पाच रेघांसाठी जन्मलेली. सरगम त्यात गाण्याच्या शब्दांसारखी खाली लिहिता येते आणि मी बरेच दिवस तेच केलं. पण काकांसारख्या माणसाला वरच्या रेघा नुसता अडथळा असतो. म्हणून आता मी त्यांच्यासाठी साधा तक्ता करते: सोळा घरं, चार-चारनंतर जाड रेघ, तळाशी सम, टाळी आणि 'खाली' म्हणजे रिकाम्या मात्रेच्या खुणा. पंडित भातखंड्यांची स्वर लिहायची पद्धत, आणि गंमत अशी की तिच्या खुणा आपल्या देवनागरीत आयत्या बसलेल्या आहेत. तार सप्तकाचा वरचा ठिपका म्हणजे अनुस्वार: सां, रें. मंद्राचा खालचा ठिपका म्हणजे नुक्ता: प़, ध़. कोमल स्वराखालची आडवी रेघ आणि तीव्र मध्यमावरची उभी रेघ, ही दोन्ही चिन्हं वेदपाठाच्या अनुदात्त-उदात्तासाठी युनिकोडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरच्या अक्षरसंचात, आधीपासून आहेत: ग॒, नि॒, म॑. ऋचांसाठी केलेली सोय यमनाच्या कामी येते. फक्त फॉन्ट बदलला की कधीकधी चिन्ह अक्षरापासून सुटतं आणि मध्ये ठिपक्यांचं वर्तुळ उगवतं, म्हणून पीडीएफ करूनच पाठवायचं. मी एकदा तशीच फाइल पाठवली होती. काकांनी ती वर्तुळं विश्रांतीची खूण समजून प्रामाणिकपणे पाळली.

पट्टीचाही घोळ असतो. आपल्याकडे गाणारा म्हणतो, "काळी एक." सॉफ्टवेअरला हे सी शार्प म्हणून सांगितलंत तर ते पानाच्या डोक्यावर सात शार्प मारतं आणि व्हायोलिनवाली पोर तुमच्याकडे असं बघते, जसं काही तुम्ही तिची फी बुडवली. तीच पट्टी डी फ्लॅट म्हणून निवडा, पाच फ्लॅटांत भागतं. सूर तेच, कागद सुसह्य.

आणि कुणीच काही वाचणार नसेल तर? धुमाळात, म्हणजे आमच्याकडच्या वरातीच्या बँडात, कीबोर्ड वाजवणाऱ्या एका मुलानं मला विचारलं होतं. त्याचं सगळं कानावर. ऑक्टोपॅडवाला कानावर, तोही कानावर. त्याला म्हटलं, "बाबू, तुला नोटेशन लागतच नाही. रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर घे, ट्रॅकवर ट्रॅक टाक." तो खट्टू झाला. नोटेशन लिहिणारा म्हणजे शिकलेला, असं त्याच्या डोक्यात होतं. चूक त्याची नाही.

आता आवाजांकडे येते, कारण तुम्हाला खरं तर तेच ऐकायचं असतं.

कीबोर्ड आणि सॉफ्टवेअरमध्ये जे नेहमीचे १२८ आवाज दिसतात, त्यांची जनरल मिडी नावाची यादी १९९१ मध्ये ठरली. त्यात सतार आहे, १०५ नंबरला. सनई आहे, ११२ नंबरला. तबला नाही आणि हार्मोनियम नाही! म्हणजे नागपुरातल्या कुठल्याही भजनी मंडळात ज्या दोन वाद्यांवाचून पान हलत नाही, तीच गायब. लोक हार्मोनियमच्या जागी अकॉर्डियन किंवा रीड ऑर्गन लावतात. सराव म्हणून चालतं. यामाहाच्या पीएसआर-आय मालिकेसारख्या आपल्या बाजारासाठी केलेल्या कीबोर्डांत भारतीय आवाज मिळतात. कॉम्प्युटरसाठी स्वर सिस्टिम्सचं स्वरप्लगसारखं खास भारतीय वाद्यांचं काम आहे. पाश्चात्त्य तंतुवाद्यांचा नुसता मऊ पडदा हवा असेल तर स्पिटफायरच्या लॅब्जसारखं मोफत कितीतरी आहे, त्याला पैसे घालू नका.

घालायचे असतील तेव्हा डेमोवर जाऊ नका. मी गेले होते. सेल लागला होता, एका कंपनीच्या सतारीचा डेमो ऐकला आणि अंगावर काटा आला. विकत घेतली, घरी वाजवली, तर सतारीच्या कपड्यातलं बँजो. डेमो वाजवणारा उस्ताद होता, मी नव्हते, एवढाच फरक. आता मी कुठल्याही आवाजाची परीक्षा एका स्वरानं घेते. एकच सा, सहा सेकंद, आधी हलका मग जोरात. मग तोच सा चार वेळा झटपट. चारही वेळा हुबेहूब तसाच निघाला, तर तुकडा वाजवल्यावर शिवणयंत्र चालल्यासारखं वाटणार. तबल्याला तर ही परीक्षा हवीच. धा धा तिरकिट ऐकलं की लगेच कळतं.

मींडेचं, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याचं, वेगळंच. बहुतेक आवाजांत कीबोर्डवरचं सूर वरखाली करायचं चाक, पिच बेंड, मुळात वरखाली दोनच पट्ट्या फिरतं. पंचमावरून षड्जावर यायला काळ्या-पांढऱ्या धरून सात पट्ट्या लागतात. लोक चाक शेवटापर्यंत पिळतात, सूर मध्येच लटकतो आणि दोष आवाजाला जातो. आवाजाच्या सेटिंगमध्ये ती मर्यादा बारापर्यंत वाढवा, मग चाक हळू फिरवायला शिका. त्याला महिना लागतो. भजनी ठेकाही सरळ आठ मात्रा लिहिलात तर यंत्र तो कवायतीसारखा वाजवतं. लयीतला झोल तुम्हालाच घालावा लागतो.

लॅपटॉपबद्दल फार विचारू नका. आठ जीबी रॅमवर चार वाद्यं निभतात. कळ दाबल्यावर आवाज उशिरा येत असेल तर बफर, म्हणजे आवाज सोडण्याआधी साठवायचा कप्पा, बघा: सेकंदाला ४४,१०० नमुन्यांच्या दरानं १०२४ नमुने म्हणजे २३ मिलिसेकंद, बोटांना जाणवतात, २५६ केलं की सहाच्या आत. आणि वैशाखात दुपारी आवाजांची जड लायब्ररी उघडू नका. ४५ अंशांत लॅपटॉपचा पंखा आणि डेझर्ट कूलर यांची जुगलबंदी मी ऐकली आहे.

कूलरवरून आठवलं. हार्मोनियमचा मनासारखा आवाज मिळेना, तेव्हा मी माझ्याच पेटीचे सूर घ्यायचं ठरवलं. एकोणचाळीस पट्ट्या, प्रत्येकीचा एक स्वर हलक्या भात्यानं आणि एक भरल्या भात्यानं, म्हणजे अठ्ठ्याहत्तर तुकडे. मग ते डिसेंट सॅम्पलर नावाच्या, असे तुकडे कीबोर्डवर वाजवून देणाऱ्या, मोफत खेळण्यात भरायचे. पण मे महिना होता. मायक्रोफोनला कूलर चालत नाही. पहाटे चारला उठून कूलर बंद केला, पंखा बंद केला, नवऱ्याला उशीसकट गच्चीवर पाठवलं. मंद्रापासून सुरुवात केली. घामानं बोटं पट्टीवरून सटकत होती. एखाद्या स्वरात भात्याची फट कुरकुरायची, तो परत घ्यायचा. मध्य सप्तकाच्या धैवतापर्यंत आले तोवर पाच वाजले होते.

तो आवाज मी आजही वापरते, आणि तुम्हाला हवा असेल तर पेनड्राइव्ह घेऊन या, देईन. काका म्हणाले, हा आवाज बरा आहे, याला दम लागल्यासारखा वाटतो. फक्त मध्य सप्तकातला ध थोडा जास्त वेळ धरलात तर मागे दूधवाल्याच्या मोटारसायकलचा भोंगा ऐकू येतो. तो एकच ध परत घ्यायचा म्हणून मी दोनदा पहाटे उठले. दोन्ही वेळा दूधवाला वेळेवर आला.