माशांच्या पाण्याची परीक्षा, आणि त्याआधी किटची

नाशिकमध्ये मत्स्यालयाच्या दुकानात पाण्याचं टेस्ट किट मागितलं की दुकानदार आधी आपल्याला निरखून बघतो. "ताई, पहिल्यांदाच टँक लावताय ना? मग कशाला खर्च? अँटीक्लोरीन टाका, फिल्टर चालू ठेवा, आठवड्याने मासे न्या." गावात विचारलं, कॉलेज रोडला विचारलं, उत्तर साधारण हेच. एकाने खिशातून टीडीएस पेन काढून समोरच्या टँकमध्ये बुडवलं आणि आकडा दाखवून म्हणाला, "बघा, पाणी एक नंबर."

टीडीएस पेन वाईट नाही. आमच्या घरी आरओचा माणूसही तेच घेऊन येतो. पण ते पाण्यातून वीज किती वाहते ते मोजतं आणि त्यावरून विरघळलेल्या क्षारांचा अंदाज बांधतं. त्यातला किती भाग निरुपद्रवी कॅल्शियम आणि किती अमोनिया, हे त्याला कळायचा मार्गच नाही. मासा मारायला अमोनिया एक-दोन मिलिग्रॅम प्रति लिटर पुरतो, आणि एवढ्याने टीडीएसचा आकडा जेमतेम हलतो. स्वच्छ, पारदर्शक, पेनवर छान दिसणाऱ्या पाण्यात मासे मरतात ते यामुळे.

म्हणून मी आधी वेगळाच प्रश्न धरला. कोणतं किट चांगलं हे नंतर. कोणता आकडा कळल्यावर मी काहीतरी वेगळं करणार आहे? त्यातून चार गोष्टी उरल्या. अमोनिया आणि नायट्राइट, कारण ही दोन्ही विषं. नायट्रेट, कारण पाणी कधी बदलायचं ते त्यावरून ठरतं. आणि केएच, म्हणजे पाण्याची आम्लता झेलायची ताकद, कारण आमच्या सोसायटीचं पाणी, त्याबद्दल पुढे. फॉस्फेट, लोह, सिलिका असली टेस्टची मोठी पेटी बघून हात शिवशिवतात, पण त्यांचे आकडे घेऊन मी करणार काय?

मग पट्टी की थेंब? पट्ट्या दिसायला सोप्या. बुडवा, मिनिटभर थांबा, डब्यावरच्या रंगांशी जुळवा. पण बहुतेक पट्ट्यांवर अमोनियाचा चौकोनच नसतो आणि नव्या टँकला नेमका तोच हवा असतो. दुसरं म्हणजे ओल. ओल्या बोटांनी एक पट्टी काढली की डब्यातल्या बाकीच्यांचे रंग आपोआप बदलायला लागतात, आणि नाशिकच्या पावसाळ्यात तर झाकण उघडं राहिलं तरी पुरे. थेंबांच्या किटला सुरुवातीचा खर्च जास्त, पण ते पुरतं किती! मी एपीआयचं गोड्या पाण्याचं मास्टर किट घेतलं, त्यावर ८०० टेस्ट लिहिल्या आहेत. केएचची बाटली त्यात येत नाही, ती वेगळी घेतली. अमोनियाची किटं दोन जातींची असतात. जुन्या नेस्लर पद्धतीत पारा असतो आणि रंग पिवळा-तपकिरी येतो. सॅलिसिलेट पद्धतीत पिवळ्याचा हिरवा होतो. घरात लहान मूल असेल तर पाऱ्याच्या वाटेला जाऊ नका. शिवाय काही अँटीक्लोरीन औषधांमुळे नेस्लरचं रीडिंग चुकतं.

किट आलं तरी टँकला हात लावायच्या आधी मला किटचीच परीक्षा घ्यायची होती. औषधाची बाटली दुकानात उन्हात किती महिने पडली असेल, कोणाला माहीत. यासाठी माहीत असलेल्या अमोनियाचं पाणी हवं, आणि ते मिळतं नवसागरातून. नवसागर म्हणजे अमोनियम क्लोराइड. भांडी बाजारात कल्हईवाला तापल्या भांड्यावर जी पांढरी भुकटी टाकतो आणि भसकन धूर उठतो, तीच. मी रविवार कारंज्याजवळच्या एका काष्ठौषधीच्या दुकानात विचारलं, तर गल्ल्यावरचे काका चष्म्याच्या वरून बघत म्हणाले, "सोबत काळा गूळही देऊ का?" हातभट्टीचा माल नेतेय असं वाटलं असावं. पण त्यांचे खडे मळकट होते. कल्हईला चालतात, मोजमापाला नाही. शेवटी शाळा-कॉलेजांच्या प्रयोगशाळांना माल पुरवणाऱ्या दुकानातून शुद्ध अमोनियम क्लोराइडची बाटली आणली. सराफ बाजारात ओळखीच्या काकांकडून दहा ग्रॅम वजन करून घेतलं. सोन्याच्या काट्यावर नवसागर पहिल्यांदाच चढला असेल. घरच्या स्वयंपाकाच्या काट्यावर तोललं तरी बिघडत नाही. ग्रॅमभर इकडेतिकडे झालं तरी किटच्या रंगांमधली अंतरं त्याहून मोठी असतात.

दहा ग्रॅम पावडर, आणि द्रावण बरोबर एक लिटर होईल इतकं डिस्टिल्ड वॉटर. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात तेच. अमोनियम क्लोराइडच्या वजनात सुमारे ३४ टक्के अमोनियम असतं, म्हणजे या द्रावणाच्या एका मिलिलिटरमध्ये साधारण ३.४ मिलिग्रॅम. आता एक लिटर डिस्टिल्ड वॉटरमध्ये यातलं ०.३ मिलिलिटर घातलं की १ पीपीएमचं, म्हणजे लिटरला १ मिलिग्रॅमचं, पाणी तयार. ०.३ मिलिलिटर मोजायला आईची इन्सुलिनची सिरिंज. आपल्याकडच्या यू-४० सिरिंजवर ४० युनिट म्हणजे एक मिलिलिटर, तेव्हा १२ युनिट ओढायचं. (नवी सिरिंज घेतली. आईने तरी "अगं, माशांना पण साखर झाली का?" विचारलंच.)

तीन परीक्षानळ्या ओळीने ठेवल्या. एकीत नुसतं डिस्टिल्ड, दुसरीत १ पीपीएम, तिसरीत २४ युनिटवालं २ पीपीएम. प्रत्येकीत पाच मिलिलिटर, पहिल्या बाटलीचे आठ थेंब, दुसरीचे आठ, हलवून पाच मिनिटं. पहिली पिवळी राहिली, दुसरी आणि तिसरी कार्डावरच्या आपापल्या हिरव्याजवळ आल्या. किट खरं बोलतंय. यातला डिस्टिल्डचा शून्य फार कामाचा, कारण ट्यूबलाइटखाली ० आणि ०.२५ मधला फरक दिसता दिसत नाही. आजही शंका आली की बाजूला एक शून्याची नळी करते आणि दोन्ही खिडकीशी, पांढऱ्या कागदासमोर धरते.

थेंब पाडताना बाटली सरळ उभी उलटी धरायची. तिरकी धरली तर थेंब लहान-मोठे पडतात. नायट्रेटची दुसरी बाटली मात्र जोरात, अर्धा मिनिट तरी हलवायची, नंतर नळीही मिनिटभर. त्या बाटलीत भुकटी तळाला बसते. ती वर आली नाही तर नायट्रेट भरपूर असूनही पाणी पिवळंच दिसतं आणि आपण खूश होतो.

रंगाच्या कार्डावर आकडे ०, ०.२५, ०.५, १, २, ४, ८ असे उड्या मारत जातात, आणि पहिल्यांदा माणूस मधला आकडा शोधत बसतो. गरज नसते. गोदावरीला पूर आला की आपण काय विचारतो? पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या गुडघ्याला की कमरेला? कोणी सेंटिमीटर विचारत नाही, आणि तेवढ्यावर रामकुंडाकडच्या टपऱ्या हलवायच्या की नाही ते ठरतं. कार्ड तसंच वाचायचं.

आता आमच्या पाण्याबद्दल. महापालिकेचं पाणी गंगापूर, मुकणे, दारणा या धरणांचं, त्यामुळे तसं मऊ. पण पाथर्डी फाट्याकडच्या अनेक सोसायट्यांसारखी आमचीही बोअर आहे. आपला भाग बेसॉल्टवर बसलेला. त्याच्या भेगांतून मुरलेलं पाणी कॅल्शियम, मॅग्नेशियम, बायकार्बोनेट घेऊन वर येतं. केएचची टेस्ट यावर मस्त चालते. पाच मिलिलिटर पाण्यात थेंब-थेंब टाकत जायचं, पाणी निळं होतं, आणि ज्या थेंबाला पिवळं पडेल तो आकडा. एक थेंब म्हणजे एक जर्मन डिग्री, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबात सुमारे १७.९ मिलिग्रॅम प्रति लिटर. नुसतं पालिकेचं पाणी असलं की मोजक्या थेंबांत पिवळं. बोअर मिसळलं की थेंब पडत राहतात आणि निळं हटत नाही. सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर "आजपासून बोअर सुरू" हा मेसेज येण्याआधी मला कळलेलं असतं. सेक्रेटरींना एकदा सांगितलं तर ते जरा चिडले.

हे कळल्यामुळे मासे ठरले. मुलाला निऑन टेट्रा हवे होते, त्यांना मऊ पाणी मानवतं. आमच्या पाण्याला गप्पी आणि मॉली बरे, ते कठीण पाण्यात आनंदाने राहतात. पाणी बदलण्यापेक्षा मासा बदलणं स्वस्त. पण अशा पाण्याचा पीएच आठच्या आसपास जातो, आणि तिथे अमोनिया जास्त झोंबतो. किट दाखवतं तो एकूण अमोनिया. त्यातला मुक्त, विषारी भाग २५ अंशांना पीएच ७ वर अर्धा टक्का, पीएच ८ वर पाचेक टक्के. तेच १ पीपीएम रीडिंग, पण धोका सुमारे नऊ-दहापट.

सायकलिंग, म्हणजे फिल्टरवर अमोनिया पचवणारे जिवाणू वसवणं, मी मासे न घालता केलं. दोन बाय एक बाय एक फुटांचा टँक, हिशेबाने ५६ लिटर, पण खडी आणि वरची रिकामी जागा सोडून पन्नास धरले. नवसागराच्या द्रावणाचे ३० मिलिलिटर म्हणजे २ पीपीएम. अमोनिया नायट्राइट होतो, नायट्राइटचा नायट्रेट, आणि दोन्ही कामं करणारे जिवाणू स्पंज फिल्टरवर वस्तीला यावे लागतात. हिवाळा होता. निफाडचा पारा पेपरात पहिल्या पानावर यायचे ते दिवस, त्यामुळे हीटर २७ वर लावूनही वाट बघावी लागली. आधी अमोनिया उतरला, मग नायट्राइटची नळी आकाशी रंगाची गडद जांभळी झाली आणि तिथेच बसली.

या काळात नायट्रेटच्या आकड्यावर विश्वास ठेवू नका. ती टेस्ट आधी नायट्रेटचं नायट्राइट करते आणि मग ते मोजते, त्यामुळे पाण्यात आधीच नायट्राइट असलं की आकडा फुगतो. माझी नळी लालभडक झाली होती आणि मुलगा म्हणत होता, झालं, मासे आणू. नायट्राइट शून्यावर येईपर्यंत मी त्या कार्डाकडे बघायचंच सोडलं.

मग जमाखर्च जुळवला. २ पीपीएम अमोनियम पूर्ण पचलं तर सुमारे ७ पीपीएम नायट्रेट तयार व्हायला हवं. संध्याकाळी डोस, दुसऱ्या संध्याकाळी अमोनिया पिवळा, नायट्राइट आकाशी, नायट्रेट एक घर वर. सलग काही दिवस असंच आल्यावर निम्म्याहून जास्त पाणी बदललं आणि गप्पी आणले.

नायट्रेटच्या कार्डावर एक बारीक अक्षर बघून घ्या: आकडा नायट्रेटचा आहे की त्यातल्या नायट्रोजनचा. दोन्हींत ४.४ पटीचा फरक आहे. पिण्याच्या पाण्याच्या आयएस १०५०० मानकात नायट्रेटची मर्यादा ४५ मिलिग्रॅम आहे, ती नायट्रेट म्हणून. शेताजवळची विहीर किंवा बोअर असेल तर खतांमुळे नळाच्याच पाण्यात नायट्रेट निघू शकतं, आणि मग कितीही पाणी बदला, टँकमधलं उतरत नाही. म्हणून नळाचं पाणीही एकदा तपासून ठेवावं.

क्लोरीन राहिलं. माझं माहेर सिन्नरकडचं. तिथे ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक नळाच्या पाण्यात ओटीचे, म्हणजे ऑर्थोटोलिडिनचे, थेंब टाकून रंग बघतो ते लहानपणापासून बघितलेलं. पाणी पिवळं झालं की टीसीएल (ब्लीचिंग पावडर) पोचलंय. तेच ऑर्थोटोलिडिन मत्स्यालयाच्या क्लोरीन किटमध्ये मिळतं. पिवळा रंग लगेच आला तर मुक्त क्लोरीन, थांबून गडद झाला तर दुसऱ्या पदार्थांशी बांधलेलं क्लोरीनही आहे. द्रव अंगावर सांडू नये, ते आरोग्याला चांगलं नाही. नळाला किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन असणं माणसांसाठी गरजेचं, माशांच्या कल्ल्यांना मात्र ते भाजतं. पावसाळ्यात धरणाचं पाणी गढूळ झालं की क्लोरीनचा डोस वाढतो, म्हणून जून ते सप्टेंबर मी बादलीत अँटीक्लोरीन घातल्यावर ओटीने बघते आणि मगच ओतते. एरवी औषधाच्या मापावर विश्वास.

आता रोज काही मोजत नाही. दर रविवारी नायट्रेट, पाणी बदलायच्या आधी. ४० च्या घरात गेलं की एक तृतीयांश पाणी काढते. केएच फक्त बोअर सुरू झाल्याचा संशय आला तर. अमोनिया आणि नायट्राइट एखादा मासा वर येऊन तोंड उघडायला लागला किंवा वीज बराच वेळ जाऊन फिल्टर बंद पडला तर. टेस्ट झालेलं पाणी टँकमध्ये परत ओतायचं नाही, काही बाटल्यांत तेजाब किंवा कॉस्टिक असतं. बेसिनमध्ये भरपूर पाण्यासोबत सोडून द्यायचं, आणि किट मुलांच्या हाताबाहेर.

या हिशेबात नायट्रेटच्या दोन बाटल्या सगळ्यात आधी संपतात, बाकीच्या अर्ध्याही होत नाहीत. नायट्रेटचं किट सुटं मिळतं, तेव्हा पूर्ण पेटी पुन्हा घेऊ नका.