पॅस्टीची कड

बाबांनी एसटीच्या वर्कशॉपमध्ये 34 वर्षं काढली. इंजिन उतरवायचं, गिअरबॉक्स खोलायचा, पुन्हा बसवायचा. निवृत्त झाले त्या वर्षी त्यांनी माळ घातली, तेव्हापासून मांस-मासे बंद, अंडंही बंद. ऑक्टोबरात ते माझ्याकडे ब्रिस्टलला आले, तेव्हा लंडन बघायचं का विचारलं. म्हणाले, "इथं कामगार माणसं कुठं राबायची, ते दाखव."

म्हणून आम्ही गाडी काढून कॉर्नवॉलच्या पार पश्चिम टोकाला, पेंडीनच्या गीवर खाणीवर गेलो. ही कथलाची खाण 1990 मध्ये बंद झाली, आता तिथं संग्रहालय आहे. खाणकामगार कपडे बदलायचे त्या इमारतीला 'ड्राय' म्हणतात. कामाचे डगले, हेल्मेटं, बूट अजून तिथं टांगलेले आहेत. बाबा तिथून हलेचनात. एका डगल्याची बाही त्यांनी लांबूनच निरखली आणि म्हणाले, "हा डावरा असणार, डावं कोपर जास्त झिजलंय." गाइड पुढं निघून गेला होता.

शेजारच्याच लेव्हांट खाणीत 20 ऑक्टोबर 1919 रोजी माणसांची ने-आण करणारं 'मॅन इंजिन', म्हणजे वर-खाली हलणारा पायऱ्यांचा लांब खांब, तुटलं आणि 31 जण गेले. ते ऐकल्यावर बाबांनी एकच विचारलं, "नेमका कुठला पार्ट तुटला?" वर खांबाच्या टोकाशी असलेला जोड तुटला होता. त्यांनी मान हलवली. गाडीत बसेपर्यंत मग बोलले नाहीत.

सव्वा वाजता एका लहानशा पबमध्ये शिरलो. जाड दगडी भिंती, डोक्याला लागेल इतकं खाली आढं, शेकोटीपुढं पसरलेला ओला कुत्रा. अशा पबात टेबलापाशी कुणी विचारायला येत नाही. आपणच बारपाशी जायचं, टेबलाचा नंबर सांगून पैसे भरायचे, ग्लास स्वतः उचलून आणायचे. जेवण तेवढं ते आणून देतात. बाबांना ही पद्धत एकदम पटली. आपलं आपण आणायचं, कुणाला हाक मारत बसायचं नाही.

फळ्यावर तीनच पॅस्ट्या होत्या: बीफची, चीज-कांद्याची, भाजीची. (पेस्ट्री नव्हे, पॅस्टी. अर्धगोल घडीची, तिखटमिठाचं सारण भरून भाजलेली, हातात धरून खायची.) दर साडेआठ पौंड, सोबत थोडी पालेभाजी. मी बीफ खात नाही, म्हणून मला चीज-कांदा आणि बाबांना भाजीची असं ठरवलं. आणि मग आठवलं की भाजल्यावर सोनेरी तकाकी यावी म्हणून वरून अंडं फासतात.

बारवरच्या मुलीनं लगेच फाइल काढली. ब्रिटनमध्ये पदार्थात 14 ठरावीक ॲलर्जीकारक घटकांपैकी काही असेल तर गिऱ्हाइकाला सांगणं कायद्यानं बंधनकारक आहे. अंडं त्या 14 मध्ये येतं. पण पॅस्टीच्या पारीत पूर्वापार घालतात ती डुकराची चरबी त्यात येत नाही. म्हणजे माळकऱ्याला त्या फाइलचा अर्धाच उपयोग. मी तसं सांगितल्यावर ती आत गेली आणि स्वयंपाकीणबाईंना घेऊन आली. पन्नाशीच्या बाई, कोपरापर्यंत पीठ. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं. चरबी फक्त बीफच्या पारीत असते, बाकीच्या दोन्हींना वनस्पती मार्गारिन. अंडं मात्र सगळ्यांनाच फासलेलं. पण न भाजलेल्या काही फ्रिजमध्ये होत्या. "दूध फासून भाजते. पन्नास मिनिटं लागतील. थांबाल?"

अनोळखी माणसाच्या माळेसाठी कुणी भट्टीत वेगळा ट्रे लावतं, तेव्हा त्याला मी नुसती गिऱ्हाइकी म्हणणार नाही. बाबांना सांगितलं, तर ते उठून त्या बाईंना हात जोडून आले.

पन्नास मिनिटं का, तर सारण कच्चंच भरतात. बटाटा, कांदा, स्वीड आणि बीफ, सगळं बारीक कापून, वर मीठ आणि भरपूर मिरी. पारीच्या आत त्याच्याच रसात ते शिजतं. स्वीड म्हणजे पिवळट गराचा, सलगमच्या जातीचा कंद. कॉर्नवॉलची माणसं त्याला टर्निपच म्हणतात. 'कॉर्निश पॅस्टी' या नावाला 2011 पासून भौगोलिक संरक्षण आहे: बीफ निदान साडेबारा टक्के, भाज्या निदान पंचवीस टक्के, आकार इंग्रजी डी अक्षरासारखा, मुरड बाजूला आणि बनवायची कॉर्नवॉलमध्येच. त्या हिशेबानं आमच्या दोन्ही पॅस्ट्यांना ते नाव लागत नाही. गाजराला तर कॉर्निश पॅस्टीत थाराच नाही.

मी 'मुरड' म्हटलं, कारण दुसरा शब्दच नाही. करंजीला घालतो तीच, फक्त अंगठ्याएवढी जाड. पॅस्टीबद्दल जी गोष्ट सगळीकडे सांगतात ती या मुरडीचीच आहे. कथलाच्या खनिजाबरोबर आर्सेनिक असायचं, ते कामगारांच्या हाताला लागायचं. म्हणून ते पॅस्टी या जाड कडेला धरून खात आणि शेवटी कड फेकून देत. मीही बाबांना ती तशीच, अगदी खात्रीनं सांगितली.

बाबांनी ग्लास खाली ठेवला. "फेकून देत? कोण म्हणतं?"

"सगळेच म्हणतात, बाबा."

"दिवसभर खाली राबणारा माणूस चार बोटं रुंद कणीक टाकून देतो? पोरी, आम्ही ऑइलानं माखलेल्या हातानं भाकरी खाल्लीय. केरोसिननं हात धुतले तरी वास जायचा नाही. मग भाकरी कागदात धरायची. कागद टाकायचा. भाकरी नाही टाकायची."

मी हे वाचलेलं, त्यांनी ते जगलेलं. तरी मी थोडा वाद घातलाच. शेजारच्या टेबलावर साठी ओलांडलेला एक माणूस एकटा बसला होता. आमचं हातवाऱ्यांचं बोलणं बघून त्यानं विचारलं, कशावरून चाललंय. तो साउथ क्रॉफ्टी खाणीत होता, 1998 मध्ये ती बंद होईपर्यंत. मी बाबांचं म्हणणं सांगितलं, तसा तो खुर्ची ओढून आमच्या टेबलाशीच आला.

त्याच्या आजीच्या तोंडची हकीकत अशी: पॅस्टी कापडी पिशवीत असायची. पिशवीसकट धरायची, एका टोकापासून खात जायची, कापड मागं सरकवत. जुन्या फोटोंतही माणसं ती तशीच धरून बसलेली दिसतात, असं तो म्हणाला. कोपऱ्यात आई नावाचं पहिलं अक्षर कणकेनं चिकटवायची, म्हणजे अर्धी खाऊन ठेवली तरी कुणाची ते कळावं. खायला सुरुवात नेहमी दुसऱ्या टोकाकडून. "आणि कड?" मी विचारलं. "कड? कडच तर सगळ्यात खरपूस." मग म्हणाला, एखादा तुकडा मात्र खाली ठेवायचे, नॉकर्ससाठी. नॉकर्स म्हणजे खाणीत राहणारे, भिंतीवर टकटक करून धोका सांगणारे छोटे जीव.

हे मी मराठीत सांगितलं तेव्हा बाबा बराच वेळ त्या माणसाकडे बघत राहिले. "तुझे पणजोबा रानात भाकरी खायला बसले की पहिला तुकडा बांधावर ठेवायचे," ते मला म्हणाले. "त्याला सांग."

सांगितलं. मग त्यानं विचारलं, तुमच्याकडे कोलार आहे ना? एकोणिसाव्या शतकात इथल्या खाणी बसल्या तशी इथली माणसं जगभर गेली. मेक्सिकोत गेली तिथं पॅस्टीचं 'पास्ते' झालं. काही कोलारच्या सोन्याच्या खाणीवर आली. बाबांना कोलारचं नाव माहीत होतं. पुढची पंधरा मिनिटं दोघं पंपाबद्दल बोलले, खाणीतलं पाणी कसं उपसायचे ते. मी मध्ये दुभाषी. व्हॉल्व्हला मराठीत व्हॉल्व्हच म्हणतात, हे त्या माणसाला फार आवडलं.

पॅस्ट्या आल्या. दूध फासल्यामुळे रंग फिका, मातकट, पण बुडाला छान कडक. मी सुरी-काटा उचलला. बाबांनी कागदी रुमालात गुंडाळून उभी धरली आणि कोपरा तोडला. आतून वाफ, मिरीचा वास, मग बटाट्याचा. पहिल्या घासाला म्हणाले, "तिखट नाही, पण आळणीही नाही." स्वीड त्यांना आवडला, किंचित गोडसर. माझ्या पॅस्टीतलं चीज कांद्यात विरघळून गेलं होतं. चांगली होती, पण भाजीची जास्त चांगली होती. तिच्यात प्रत्येक जिनसेची चव वेगळी लागत होती आणि पारीनं सगळा रस धरून ठेवला होता.

बाबांनी ती कडेसकट संपवली. माझ्यानं कड संपेना, वीतभर उरली. त्यांनी काही न बोलता ती रुमालात बांधली आणि स्वेटरच्या खिशात टाकली. निघताना दोघांनी हात मिळवले. त्या माणसानं बाबांचा तळवा उलटा करून पाहिला, अंगठ्याच्या मुळाशी अजून घट्टा आहे तिथं.

पेंडीनच्या दीपगृहाकडे जाणाऱ्या रस्त्याला दोन्हीकडे दगड रचलेले बांध आहेत. तिथं गाडी थांबवायला सांगितली. वारा इतका की दार उघडवेना. बाबांनी खिशातून पुडी काढली, कड मधोमध मोडली. अर्धी खाल्ली. अर्धी एका सपाट दगडावर ठेवली, वाऱ्यानं उडू नये म्हणून वर छोटा खडा ठेवला, आणि गाडीत येऊन बसले.