मोरीतली रेघ

मागच्या महिन्यात आमच्या भायखळ्याच्या चाळीत मोरीचा पाइप गळायला लागला. गवंडी शुक्रवारी आला, सगळ्या लाद्या उखडल्या, पाइप बदलला, निम्म्या भागावर कोबा ओढला आणि म्हणाला, "उरलेलं उद्या सकाळी."

आई म्हणाली, "उद्या नाही. रविवारी ये."

तो गेल्यावर मी राडारोडा चाळायला बसणार, तर आई शब्बाथच्या दिव्यात तेल घालत होती. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू. शुक्रवारी संध्याकाळपासून शनिवारी तारे दिसेपर्यंत आमचा शब्बाथ, त्यात काम वर्ज्य. "हेही कामच. उद्या तारे दिसले की बस." तीस वर्षं उत्खननात घालवलेल्या मुलीला ती अजून असं गप्प करते.

शनिवारी रात्री पिठाच्या चाळणीत (चाळणीचं आईला अजून माहीत नाही) भोकाचा पैसा आला, १९४४चा. मोरी चाळीइतकीच जुनी, १९३६ची, असं बाबा शेवटपर्यंत सांगायचे. नाही हो बाबा. लादीखाली १९४४चा पैसा म्हणजे लादी त्याच्या आधीची असूच शकत नाही. किती नंतरची, ते पैसा सांगत नाही.

याच हिशोबावर आमच्या क्षेत्रातलं एक मोठं भांडण उभं आहे. इस्रायलमध्ये गालील सरोवराकाठी कफर्णहूमला पांढऱ्या चुनखडीचं देखणं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, आहे. भोवतीची घरं सगळी काळ्या बेसॉल्टची. खांब आणि कोरीवकाम बघून जुने अभ्यासक ते दुसऱ्या-तिसऱ्या शतकातलं मानत. १९६८पासून कोर्बो आणि लोफ्रेदा या फ्रान्सिस्कन संशोधकांनी फरशीखाली खणलं आणि हजारो नाणी निघाली, चौथ्या-पाचव्या शतकापर्यंतची. शैलीवाले अजून पुरते हरलेले नाहीत. मी नाण्यांच्या बाजूची.

माझं स्वतःचं काम काही इतकं देखणं नाही. पहाटे पाचला खणायला लागायचं, ऊन चढलं की थांबायचं, मग खापरं धुवायची, नंबर टाकायचे. आईने एकदा विचारलं, "पण घर आपल्या लोकांचं, हे ओळखता कशावरून?" या एका प्रश्नावर माझी नोकरी चालली. पहिल्या शतकातल्या गालीलमध्ये खुणा बऱ्या असतात. स्नानासाठी पायऱ्यांचे हौद, म्हणजे मिकवे. हाडांच्या ढिगात डुकराचं हाड नाही. आणि चुनखडीचे प्याले. मातीचं भांडं विटाळलं की फोडायचं. दगड विटाळत नाही. म्हणून नाझरेथजवळ रेनाला एका गुहेत दगडी भांडी घडवायचा कारखानाच होता. सोवळं-ओवळं पाहिलेल्या मराठी माणसाला हे पटकन कळतं, परदेशी विद्यार्थ्यांवर माझा तास जातो.

कोकणात मात्र माझी पंचाईत होते. आमचे पूर्वज नवगावच्या किनाऱ्यावर फुटलेल्या गलबतातून आले असं सांगतात. मग पिढ्यान्‌पिढ्या तेलाचे घाणे. शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक 'शनिवार तेली' म्हणायचे. मुंबईतलं आमचं पहिलं सिनेगॉग सामाजी हसाजी दिवेकरांनी १७९६मध्ये बांधलं, ते सॅम्युअल स्ट्रीटवर आहे. आई त्याला 'मशीद'च म्हणते. त्याच्याही आधीचं अलिबागकडचं एखादं घर मी खणलं, तर मिळेल काय? घाण्याची उखळ, पणत्या, माशांचे काटे. डुकराचं हाड शेजारच्या तेल्याकडेही मिळायचं नाही. कोळंबीची टरफलं नसतील, पण ती मातीत तशीही टिकत नाहीत. घाणा सापडेल हो, तो बंद असलेला दिवस कसा सापडायचा? परिषदांमध्ये हे वाक्य टाकून मी टाळ्याही घेतल्या आहेत.

रविवारी गवंडी आला तो कुरकुरतच. "शनिवारी सगळीकडे काम चालू असतं, तुमच्याकडेच बंद." आईने त्याला चहा दिला, कारण दिलं नाही. त्याने उरलेल्या भागावर कोबा ओढला आणि गेला.

कोबा सुकल्यावर मोरीच्या मधोमध केसाएवढी रेघ दिसायला लागली आहे. भिंतीकडचा भाग जरा काळपट, तो शुक्रवारचा. दाराकडचा फिकट, तो रविवारचा. आईला ती रेघ खुपते. गवंड्याला परत बोलावून वरून एक हात मारून घे म्हणते. दोन आठवडे झाले, मी फोन लावलेला नाही.