आयर्विन पुलाखालची दुसरी कमान

"त्याच रस्त्याने आम्हीही रोज जातो, मग तुमच्या फोटोंतल्या या समांतर रेषा आणि ही जोडीने येणारी रूपे तुम्हालाच कुठे सापडतात?" सांगलीच्या घाटावर पहाटे फिरायला येणारे लोक हा प्रश्न मला वारंवार विचारतात. तुम्ही विचारलेत म्हणून एकदा सविस्तर सांगतो. मी मार्केट यार्डातल्या एका अडत दुकानात हिशेब लिहितो, फोटो कामावर जाता-येता फोननेच काढतो, आणि इतक्या वर्षांत माझी खात्री झाली आहे की रेषा वस्तूत असते त्याहून अधिक ती आपण उभे राहतो त्या जागेत असते.

यार्डात हळदीच्या पोत्यांची थप्पी लागते तेव्हा तिच्या आडव्या ओळी कोणालाही दिसतात. पण थप्पी उंच आहे म्हणून फोन मागे कलता धरून फोटो घेतला की तिच्या दोन्ही उभ्या कडा वर जाताना एकमेकींकडे झुकतात आणि समांतरपणा संपतो. फोनची पाठ थप्पीच्या तोंडाला समांतर ठेवली, दोन पावले मागे सरकले आणि पडद्यावरच्या चौकटीच्या रेषांशी थप्पीची एक कड जुळवून घेतली, की ओळी ओळींसारख्या राहतात. फार जवळून रुंद कोनाने फोटो घेतला तर कडेच्या रेषा बाहेरच्या बाजूला फुगतात, म्हणूनही मागे सरकणे बरे.

याहून मोठा धडा मला तासगावकडच्या एका बेदाण्याच्या शेडमध्ये मिळाला. तिथे जाळीचे थर एकावर एक बांधलेले असतात, त्यांवर द्राक्षे वाळत पडलेली असतात आणि शेडनेटमधून येणारा उजेड सगळ्यांवर हिरवट झाक टाकतो. मी शेडच्या तोंडाशी उभा होतो तेव्हा सगळे थर दूरवर एका बिंदूकडे धावत होते. डोळ्यांच्या वरचे खाली उतरत होते, खालचे वर चढत होते, आणि नेमका डोळ्यांच्या उंचीवरचा थर मात्र आडवा, एका रेघेएवढा बारीक झाला होता. मी गुडघ्यांवर बसलो तशी ती रेघ खालच्या थराकडे गेली. शेडमधले काहीही हलले नव्हते. फक्त मी खाली आलो होतो. त्या दिवसापासून मी कोणत्याही जागी पहिला फोटो काढण्याआधी एकदा बसतो आणि एकदा उठतो.

आता जोडीच्या रूपांविषयी, कारण तुमचा खरा प्रश्न बहुधा पुलाच्या फोटोंवरून आलेला असतो. आयर्विन पूल १९२९ सालचा आहे, आणि त्याच्या दगडी कमानी सकाळी वारा सुटण्याआधी कृष्णेच्या संथ पाण्यात उलट्या उमटतात. हल्ली फोनमध्ये अर्धे चित्र उलटे करून जोडण्याची सोय असते आणि पुष्कळ जण तिच्यावर समाधान मानतात. मला ते पटत नाही, कारण पाण्यातले प्रतिबिंब ही वरच्या कमानीची नक्कल नसते. माझा फोन पाण्यापासून ५ फूट वर असेल, तर पाण्यातली कमान ५ फूट पाण्याखाली असलेल्या डोळ्याने पाहावी तशी दिसते. म्हणून घाटावर उभे राहून सरळ पाहताना कमानीच्या पोटाचा जो भाग जेमतेम दिसतो, तो प्रतिबिंबात अधिक दिसतो: दगडांचे सांधे, ओल, तिथे साचलेली सावली. नदी आपल्याला पुलाची वेगळी बाजू दाखवते आणि आपण तिला आरसा म्हणून सोडून देतो, याचे मला खरोखर वाईट वाटते.

पायऱ्या उतरून शेवटच्या पायरीवर बसले आणि फोन पाण्याला लागेल इतका खाली नेला, की हा फरक मिटत जातो आणि वरची कमान व खालची कमान मिळून एक पूर्ण वलय तयार होते. शिवाय पाणी सरळ वरून पाहिले तर त्यावर पडलेल्या उजेडाचा शेकडा २ इतकाच भाग परत फिरतो, तर पाण्याला जवळजवळ समांतर पाहिले तर बहुतेक सगळा परत येतो. म्हणून खाली बसणाऱ्याला प्रतिबिंब ठळक दिसते. रस्त्यावरच्या डबक्यालाही हाच नियम लागू आहे. तिथे आणखी एक चूक हटकून होते: फोन पाण्याच्या पृष्ठभागावर, तरंगणाऱ्या पानावर किंवा कचऱ्यावर फोकस धरतो आणि प्रतिबिंब पुसट येते. प्रतिबिंबाचे अंतर डबक्यापर्यंतचे नसते, डबक्यातून फिरून वस्तूपर्यंतचे असते, तेव्हा पडद्यावर बोट त्या प्रतिबिंबावरच ठेवावे.

मिरजेत सतारी-तंबोरे करणाऱ्यांच्या दुकानांत टांगलेले भोपळे मी पुष्कळ टिपले आहेत. वेलीवर वाढलेले दोन भोपळे तंतोतंत सारखे नसतात, आणि जोडी शोधणाऱ्या नजरेला ते लगेच कळते.

एक रेषा मात्र मी शोधली नव्हती. पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आणि धोक्याची ४५ फूट मानतात. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेले. पूर ओसरल्यावर आमच्या गल्लीतल्या प्रत्येक भिंतीवर चिखलाची एक रेघ राहिली होती, घरामागून घर, दारांवरून, खिडक्यांवरून, एकाच पातळीत. घरांचे जोते रस्त्याबरोबर नदीकडे उतरत जातात हे तोवर मला कधी जाणवले नव्हते. त्या रेघेखाली वरच्या घरांचा दरवाजा अर्धा बुडाला होता आणि खालच्या घरांचा पूर्ण. मी कोपऱ्यावरच्या ओट्यावर चढून, फोन नेमका त्या रेघेच्या उंचीवर धरून एकच फोटो काढला. त्यात ती रेघ गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ आडवी आहे, आणि घरे तिच्याखालून उतरत जातात.

पुढे लोकांनी भिंती रंगवल्या. आमच्या जिन्याखाली, मीटरच्या फळीमागे, वीतभर रेघ अजून शिल्लक आहे. तिथे रंगाचा हात फिरवायला मी दिलेला नाही.