नव्या बाईकचा पुढचा ब्रेक वाजतोय : तपासाची नोंद

गाडी ३५० सीसी, एक सिलिंडर. पुढे ३०० मिमीची एकच डिस्क, दोन पिस्टनचं फ्लोटिंग कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा, पिनांवर सरकणारा भाग), दोन्ही चाकांना एबीएस (ब्रेक लावताना चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा), पुढचा टायर १००/९०-१९. पॅड, डिस्क, ब्रेक ऑइल सगळं मूळचं. तक्रार एका ओळीची : पुढून आवाज येतो.

एवढ्यावर कॅलिपर उघडायचं नाही. अशा वेळी सगळ्यात आधी मिळणारा सल्ला म्हणजे "पॅड बदलून टाका". नव्या गाडीत तो बहुतेक वाया जातो. आवाजाचं मूळ डिस्कच्या पृष्ठभागावर किंवा कॅलिपरच्या सरकत्या पिनांत असलं, तर नवे पॅड थोडे दिवस गप्प राहतात आणि मग तेच सुरू होतं. म्हणून आधी कान लावून ऐकायचं, पाना नंतर.

ओडोमीटर १४० : आवाज वेगळे काढणं

तीन गोष्टी बघायच्या. आवाज लिव्हर दाबल्यावरच येतो की न दाबताही? वेग बदलला की सूर बदलतो का? आणि चाकाच्या फेऱ्याशी त्याचा ताल जुळतो का?

तालाचा हिशोब सोपा आहे. या टायरचा घेर साधारण २.०८ मीटर. म्हणजे ताशी १५ किमीला चाक सेकंदाला दोन फेरे घेतं, ताशी ३० ला चार. ताशी १५ ला सेकंदाला दोनदा "घस्… घस्…" ऐकू आलं, तर डिस्कचा एखादाच भाग कुठेतरी घासतोय. सूर वेगाप्रमाणे चढत-उतरत असेल, तर तो डिस्कवरच्या भोकांचा गुणगुणाट असतो. पॅडखालून भोकं जितक्या वेगाने सरकतात तितका सूर वर जातो. तो दोष नाही. पण वेग कितीही असो, सूर तोच राहिला, तर पॅड डिस्कवर चिकटतो-सुटतो-चिकटतो आणि त्या थरथरीने डिस्क आणि कॅलिपर आपल्या ठरलेल्या सुरात वाजतात. खरी किंचाळी हीच.

या गाडीत दोन आवाज एकात मिसळले होते. थांबायच्या आधी, ताशी १५ च्या खाली, लिव्हर हलकी धरली की लांब "चीं". जोरात दाबली की तो बंद. दुसरा आवाज लिव्हर न दाबता, इंजिन बंद करून गाडी ढकलताना : फेऱ्यागणिक एक हलकी घासणी. याशिवाय गाडी मागे घेऊन पुन्हा पुढे नेताना ब्रेक लावला की एकदाच "टक्". पॅड पिनवर तेवढी जागा सरकतात, त्याचा तो आवाज. एकदाच येत असेल तर सोडून द्या.

ओडोमीटर १५० : डिस्क

गाडी मेन स्टँडवर घेऊन मागच्या सीटवर वजन ठेवलं की पुढचं चाक अधांतरी होतं. हाताने फिरवलं तर साधारण दीड-दोन फेरे सुटं फिरायला हवं. अगदी हलकं "सर्र" चालतं, कारण डिस्क ब्रेकच्या पॅडना मागे ओढणारी स्प्रिंग नसते. पिस्टनभोवतीचं चौकोनी छेदाचं रबरी सील दाबाखाली वाकतं आणि लिव्हर सोडल्यावर सरळ होताना पिस्टनला केसभर मागे घेतं, बस्स.

डिस्कवर पाण्याचा एक थेंब टाकून बघा. स्वच्छ धातूवर तो पसरतो. इथे तो गोळा होऊन बसला, म्हणजे वर थर आहे. पांढऱ्या फडक्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पुसलं, तर फडक्यावर राखाडी बुळबुळीत डाग. नव्या गाडीत हे बहुतेकदा डिलिव्हरीच्या वेळी चमकवायला मारलेलं सिलिकॉनचं पॉलिश असतं. जुन्या गाडीत चेन ल्यूबचे शिंतोडे, गळणारं शॉकअपचं सील, किंवा वॉशिंग सेंटरवर धुतल्यावर खालून मारलेला डिझेलचा फवारा. डिझेल मारू नका हे धुणाऱ्याला आधीच सांगायचं, गाडी त्याच्या ताब्यात दिल्यावर नाही.

सफाईचा क्रम असा. दोन्ही बाजू अल्कोहोलने पुसायच्या, दर वेळी फडक्याचा नवा भाग वापरायचा, डाग यायचा थांबेपर्यंत. मग १८० नंबरच्या पॉलिश पेपरने गोल गोल हलका हात मारायचा, म्हणजे उभ्या-आडव्या बारीक रेघा पडतात. पुन्हा अल्कोहोल. १०० मिली पुरतं. पेट्रोल, रॉकेल, थिनर वापरायचं नाही : पेट्रोल आणि रॉकेल मागे तेलकट थर ठेवतात, आणि तिन्हींमुळे कॅलिपरची रबरं बिघडतात.

याच बैठकीत मोजमाप उरकलं. डायल गेज (बारीक डोल मोजणारं काट्याचं माप) शॉकअपला पक्कं बांधून टोक डिस्कच्या बाहेरच्या कडेजवळ टेकवलं : पूर्ण फेऱ्यात ०.०६ मिमी डोल. बऱ्याच गाड्यांच्या मॅन्युअलमध्ये मर्यादा ०.२ ते ०.३ मिमी असते, त्यामुळे डिस्क वाकडी नाही. जाडी मायक्रोमीटरने आठ ठिकाणी घेतली, फरक नगण्य. जाडीतला फरक डोलण्यापेक्षा जास्त त्रास देतो. दोन-तीन शतांश मिमी एवढ्यानेही लिव्हर बोटांखाली धडधडू लागते. किमान जाडी डिस्कवरच कोरलेली असते, ती एकदा वाचून लिहून ठेवावी.

ओडोमीटर १५५ : कॅलिपर उतरवलं

फेऱ्यागणिक घासणी होते आणि डिस्क सरळ आहे, म्हणजे पॅड एका बाजूला चिकटून बसलाय. खात्री करायला डिस्कच्या दोन्ही बाजूंवर मार्करने केंद्रापासून कडेपर्यंत सहा-सात रेघा ओढल्या आणि लिव्हरला हात न लावता चाक फिरवलं. आतल्या, म्हणजे चाकाकडच्या बाजूच्या रेघा पुसल्या गेल्या, बाहेरच्या तशाच. बाईकच्या फ्लोटिंग कॅलिपरमध्ये पिस्टन सहसा बाहेरच्या बाजूला असतात. आतला पॅड कॅलिपरचं अख्खं शरीर पिनांवर सरकून डिस्कवर आणतं आणि सोडतं. आतला पॅड सुटत नसेल, तर पहिला संशय पिनांवर.

कॅलिपर उतरवताना ते होजवर (ब्रेक ऑइलच्या नळीवर) लटकू द्यायचं नाही, तारेने किंवा दोरीने शॉकअपला बांधायचं. पॅड काढल्यावर, पिस्टनसमोर काही न धरता, लिव्हर दाबायची नाही. कॅलिपर ब्रॅकेटवर हाताने सरकवलं तर वरची पिन सहज, खालची अडखळत. खालच्या पिनेचं रबरी बूट (धूळ अडवणारं आवरण) आत दुमडलेलं आणि पिन जवळपास कोरडी. नव्या गाडीत हे सापडतं, आणि "नवीच तर आहे" म्हणून कोणी बघत नाही.

पिना पुसून सिलिकॉन ग्रीस लावलं, दोन्ही मिळून वाटाण्याएवढं. चाकाच्या बेअरिंगचं नेहमीचं ग्रीस इथे चालत नाही. खनिज तेलाने ही रबरं फुगतात आणि पिन आणखी आवळते. ग्रीस जास्त भरलं तर आत हवा कोंडते आणि पिन परत बाहेर ढकलली जाते, म्हणून बोट फिरवून उरलेलं काढून टाकायचं. बूटाची कड खाचेत नीट बसली का, तेही बघायचं.

पिस्टनवर धूळ असेल तर ते तसेच मागे दाबू नयेत, धूळ सीलमध्ये जाते. समोर लाकडी पट्टी धरून लिव्हर हळूच चालवायची, पिस्टन ४-५ मिमी बाहेर आले की साबणाचं पाणी आणि मऊ टूथब्रशने घासून, कोरडे करून अंगठ्याने परत आत. तेव्हा हँडलवरच्या ब्रेक ऑइलच्या टाकीतली पातळी वर येते, त्यावर लक्ष. ब्रेक ऑइल रंगावर सांडलं तर लगेच भरपूर पाण्याने धुवा. डॉट ४ प्रकारचं हे ऑइल रंग खातं.

पॅडच्या तोंडावर ठिकठिकाणी चमक होती. जाड काच, तिच्यावर १५० नंबरचा पॉलिश पेपर, पॅड सपाट धरून आठच्या आकड्यात फिरवायचा, चमक जाईपर्यंत. तोंडाला मास्क, धूळ ओल्या फडक्याने टिपायची, कंप्रेसरने उडवायची नाही. पॉलिशचा वरवरचा थर असेल तर एवढ्याने जातो. तेल आत मुरलं असेल तर पॅड गेला, दोन्ही एकदम बदलायचे. काही गॅरेजात तेलकट पॅड गॅसच्या ज्योतीवर भाजून "कोरडे" करतात. कृपा करून हे करू नका. घर्षणाचा भाग पत्र्याला चिकटवणारा गोंद उष्णतेने सुटतो, आणि तो सुटल्याचं कळतं ते जोरात ब्रेक लावल्यावर.

कडा कानशीने तिरप्या करण्याचा उपाय सगळीकडे सांगितला जातो. या पॅडच्या कडा मुळातच तिरप्या होत्या. नसतील तर डिस्क ज्या बाजूने पॅडखाली शिरते ती कड एक मिमी, ४५ अंशात. पण हा शेवटचा उपाय. आधी मूळ कारण काढा.

जोडताना पॅडमागचा पातळ पत्रा आणि वरची पत्र्याची स्प्रिंग आपापल्या दिशेने बसली का हे पाहायचं. स्प्रिंग उलटी बसली तर खडबडीत रस्त्यावर कॅलिपर खुळखुळतं. कॅलिपरचे बोल्ट मॅन्युअलमधल्या आकड्याला टॉर्क रेंचने. ८ मिमीच्या बोल्टला तो सहसा २० ते ३० न्यूटन-मीटरच्या आसपास असतो. आणि गाडी हलवण्याआधी लिव्हर घट्ट होईपर्यंत दाबत राहायचं. पिस्टन मागे ढकललेले असताना पहिल्या दाबाला ब्रेक लागतच नाही.

ओडोमीटर १६० ते ३०० : पॅड बसवणं

नवा पॅड आणि नवी डिस्क एकमेकांना पूर्ण टेकत नाहीत. पॅडच्या पदार्थाचा एक पातळ, सारखा थर डिस्कवर चढला की पकड येते आणि किंचाळी कमी होते. रिकाम्या सरळ रस्त्यावर ताशी ६० वरून १५ पर्यंत मध्यम दाबाने आठ-दहा वेळा, मध्ये अर्धा किमी नुसती चालवून. पूर्ण थांबायचं नाही. तापलेल्या डिस्कवर पॅड दाबून उभं राहिलं की त्या जागी जाडसर ठसा उमटतो. शेवटी पाच-सात किमी ब्रेक न लावता गाडी थंड करायची.

उलट चूक म्हणजे नव्या पॅडना जपण्यासाठी कायम हलका, लांबवलेला ब्रेक. ताम्हिणीसारखा घाट पहिल्याच आठवड्यात लिव्हर धरून उतरलात तर पॅडवर काचेसारखा थर येतो. दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये इंजिनवर उतरा, वळणाआधी ठाम ब्रेक लावा आणि पूर्ण सोडा.

निकाल : घासणी पिनांच्या ग्रीसनंतर लगेच गेली. मार्करच्या रेघा आता दोन्हीकडे सारख्याच अंधुक होतात. "चीं" दीडशे किमीत हळूहळू विरली.

ओडोमीटर ५०० : पहिल्या सर्व्हिसआधीची फेरतपासणी

पाच किमी फक्त मागच्या ब्रेकवर चालवून इन्फ्रारेड थर्मामीटरने पुढची डिस्क बघितली : हवेपेक्षा थोडीच गरम. ती तापलेली निघाली असती तर लिव्हर तपासली असती. बाजारातली शोभेची लिव्हर लावणाऱ्यांनी इथे थांबून वाचावं. लिव्हरला थोडा मोकळा खेळ नसेल तर लिव्हरजवळच्या मास्टर सिलिंडरचा पिस्टन किंचित आत दाबलेला राहतो, टाकीकडे परत जाण्याचं बारीक भोक बंद होतं, आणि ऑइल तापून पसरलं की ब्रेक आपोआप धरतो. आधी घासणी, मग वास, मग चाक जाम.

ब्रेक लावताना हँडलखाली "टक्" येत असेल तर ते कॅलिपर नव्हे, कोन सेट (हँडल ज्यांवर फिरतं ती बेअरिंगं). पुढचा ब्रेक धरून गाडी पुढे-मागे हलवा, एक बोट हँडलखालच्या जोडावर ठेवा, हालचाल बोटाला कळते. या गाडीत काही नाही. निघाल्यावर अगदी कमी वेगात एकदाच येणारी बारीक "टर्र" बऱ्याच गाड्यांत एबीएसची स्वतःची तपासणी असते.

सर्व्हिस सेंटरला लेखी द्यायचं ते असं : "खालची स्लायडर पिन कोरडी होती, बूट दुमडलेलं होतं, डिस्कचा डोल ०.०६ मिमी." नुसतं "ब्रेक आवाज करतो" लिहिलं तर पॅड घासून परत देतात. पॅड झिजणारी वस्तू म्हणून सहसा वॉरंटीबाहेर धरतात. वाकडी डिस्क किंवा बिघडलेलं कॅलिपर यावर मात्र बोलता येतं, आणि तिथे मोजलेला आकडा कामी येतो.

पावसाळ्यात सकाळच्या पहिल्या दोन-चार ब्रेकना खरखर येईल, डिस्कवर रात्रभर बसलेली ओल आणि गंज निघून जाईपर्यंत. कोकणातल्या लाल चिखलातून आल्यावर लिव्हर दाबण्याआधी पाण्याच्या साध्या धारेने डिस्क आणि कॅलिपर धुवा. प्रेशर वॉशरची धार बूट आणि सीलवर जवळून मारू नका.

पुढचं मोजमाप ३,००० किमीला : आतल्या आणि बाहेरच्या पॅडची जाडी. फरक अर्ध्या मिमीपेक्षा जास्त निघाला तर खालची पिन पुन्हा उघडायची, आणि या वेळी बूटही नवं घालायचं.