सोनं, गिलावा, दादा

परभणीत एप्रिलची दुपार, त्यात लाइट गेलेली. अशा वेळी माणसाने कपाटावरची बॅग झटकायला काढावी, दुसरं करणार काय. बाजूच्या कप्प्यात दोन सेफ्टी पिना, एक लवंग आणि एक बोर्डिंग पास निघाला. बँकॉक ते मेलबर्न. मागच्या कोऱ्या बाजूला माझ्याच अक्षरात तीन शब्द: सोनं, गिलावा, दादा.

काहीतरी जबरदस्त सुचलं होतं, एवढं आठवतं. काय, ते काही केल्या आठवेना.

पोरीकडे निघालो होतो तेव्हाची गोष्ट. तिकीट काढायच्या आधी तिने फोनवर विचारलं होतं, "पप्पा, बँकॉकला अठरा तास थांबावं लागेल, पण स्वस्त पडतंय. चालेल?" हिने फोन माझ्या हातातून घेतला आणि "चालेल काय, पळेल" असं सांगूनही टाकलं. मला घाम फुटला. कारण मनमाड.

आमच्याकडे तेव्हा छोटी लाइन. मुंबईला जायचं तर मनमाडपर्यंत मीटरगेज आणि तिथे उतरून मोठी गाडी. 1990 च्या दशकात लाइन बदलली, तोवर निम्मा मराठवाडा मनमाडच्या फलाटावर बसून मोठा झाला. तास चार असोत की सहा, दादांचा, म्हणजे आमच्या वडिलांचा, कार्यक्रम ठरलेला. आधी सतरंजी. सतरंजीवर वळकटी, वळकटीला टेकून आई, आईला टेकून आम्ही तिघं. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, फिरकीचा तांब्या. दादा स्वतः बसायचे नाहीत. दर पंधरा मिनिटांनी जाऊन गाडीची चौकशी करायचे आणि मागच्या वेळचंच उत्तर घेऊन यायचे. मी जरा उठलो की,

"कुठं जायलास?"

"नळावर."

"तांब्यात पाणी हाय. बस इथं."

एवढ्यात विषय संपायचा. इतक्या वेळा उतरलो, पण मनमाड गाव कसं आहे ते मला आजही माहीत नाही. माहीत आहे ती हडबीची शेंडी, अंकाईवरून येताना खिडकीतून दिसणारा अंगठ्यासारखा सुळका. तोही गाडी चालू असताना बघितलेला, म्हणून परवानगी.

तर बँकॉक. पहाटे उतरलो. विमानतळाचं नाव सुवर्णभूमी. ते वाचून ही म्हणाली, "वसमत रोडला याच नावाने प्लॉट विकायले असतील बघा." मी गेटजवळच्या खुर्च्या हेरून ठेवल्या होत्या. अठरा तास निवांत बसता आलं असतं. पण तेव्हा व्हिसा लागत नव्हता आणि तळघरातूनच शहरात जाणारी रेल्वे होती. माझी कारणं संपली. मक्कासनला उतरलो, पुलावरून चालत मेट्रोचं स्टेशन गाठलं. मेट्रोचं तिकीट म्हणजे काळं, गोल, प्लास्टिकचं नाणं. हिने ते देवाला वाहायच्या पैशासारखं मुठीत आवळून धरलं होतं, उतरताना यंत्रात टाकायलाही नको नको करत होती.

हुआ लाम्फोंगला बाहेर आलो तर समोर रेल्वे स्टेशन. 1916 सालचं, वर मोठी कमान. लांबच्या बहुतेक गाड्या 2023 पासून दुसऱ्या, नव्या स्टेशनवरून सुटतात, त्यामुळे आत फारशी गर्दी नव्हती. पंखे, बाक, भिंतीवर घड्याळ. माझा जीव एकदम थंड झाला. ही म्हणाली, "अहो, बँकॉक बघायला आलो ना आपण?" पण तिलाही भूक लागली होती. डबा उघडला. दशमीचा पहिला तुकडा मोडला आणि आठ वाजले. स्पीकरवर गाणं सुरू झालं आणि सगळं स्टेशन जागच्या जागी उभं राहिलं. झाडूवाला, भिक्खू, पाठीवर पिशव्या लावलेली गोरी पोरं. त्यांचं राष्ट्रगीत होतं. आम्हीही उठलो. हिच्या मांडीवरची चटणी फरशीवर. मी दशमी हातात धरून ताठ, शाळेत उभा राहायचो तसा.

तिथून चालत ‘वाट त्रायमित’ नावाच्या बौद्ध मंदिरात. तिथला बुद्ध सोन्याचा आहे, साडेपाच टनांचा. शेकडो वर्षं त्यावर चुन्याचा गिलावा होता. शत्रूच्या हाती लागू नये म्हणून कोणीतरी चढवला असं मानतात. चढवणारे गेले, सांगणारे गेले, आणि मूर्ती चुन्याचीच म्हणून राहिली. 1955 मध्ये दुसऱ्या जागी हलवताना दोर तुटून ती खाली पडली, एक टवका उडाला आणि आत पिवळं दिसलं. त्या गिलाव्याचे तुकडे तिथे जपून ठेवलेत. लोक सोन्याचे फोटो काढत होते. मी घड्याळ बघत होतो. साडेदहा. विमान रात्री बाराचं.

दीड वाजता आम्ही विमानतळावर परत. हो, दीड. हिने रात्रीपर्यंत अबोला धरला. आत समुद्रमंथनाचं भलंमोठं शिल्प आहे, देव-दानव वासुकीला धरून ओढतायत. त्याच्यासमोर ती तासभर बसून राहिली. मी बोर्डावर आपलं विमान लागलं का ते बघून यायचो. दर पंधरा मिनिटांनी.

बहुतेक तेव्हाच ते तीन शब्द लिहिले असावेत. दादा वरून चुन्याचे आणि आतून सोन्याचे, असलं काही सुचलं असेल तर विसरलो हेच बरं. ते आतूनही तसेच होते. शेवटी दवाखान्यातसुद्धा, डिस्चार्ज दुसऱ्या दिवशी असताना, रात्रीच चपला पायात घालून बसले होते. "डॉक्टर आपल्यासाठी थांबणार हाय का?" दुसरा दिवस आलाच नाही, ती गोष्ट वेगळी.

लाइट आली. पास परत कप्प्यात ठेवला, लवंग तोंडात टाकली. रात्री पोरीचा फोन आला. दिवाळीनंतर या म्हणते, या वेळी थांबा चार तासांचाही आहे, अकराचाही. ही माझ्याकडे बघत होती. मी म्हणालो, अकराचं काढ.

मग पाच मिनिटांनी फोन लावून विचारलं, पुढचं विमान नक्की किती वाजता सुटतं.