खाऱ्या पाण्याचं रील आणि माझे 11 आठवडे

वॉरंटीत दुरुस्तीला पाठवलेलं माझं मासेमारीचं रील, म्हणजे गळाची लाईन (दोरी) गुंडाळायचं यंत्र, परत आलं तेव्हा मी आधी त्याचे स्क्रू पाहिले. पाठवताना त्यांच्या खाचांत पांढरं मीठ बसलेलं होतं, ते तसंच्या तसं होतं. म्हणजे 11 आठवड्यांत त्या रीलला कुणी पेचकस लावलाच नव्हता. सोबत एक छापील चिठ्ठी होती: "खाऱ्या पाण्यामुळे गंज. वॉरंटीत बसत नाही." ज्या खोक्यात ते परत आलं त्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, समुद्रातल्या मासेमारीसाठी.

या गोष्टीला बरेच दिवस झाले, तरी ती चिठ्ठी आठवली की डोकं तापतं. म्हणूनच लिहिते आहे. समुद्रावर गळ टाकायला सुरुवात करणारे मला विचारतात, कुठला रॉड (गळाची काठी) घेऊ, कुठलं रील घेऊ. त्यांना माझं पहिलं सांगणं हेच असतं की रील विकत घेण्याआधी ते बिघडल्यावर काय होईल ते विचारा.

रॉडचं प्रकरण मला फारसं जड गेलं नाही. आधी कुठून टाकणार ते ठरवायचं. वाळूच्या किनाऱ्यावरून लाटांपलीकडे टाकायचं तर 10 ते 13 फूट, होडीतून टाकायचं तर 6 ते 7 फूट पुरतो, कारण तिथे लांब फेकायचं नसतं, मासा वर ओढायचा असतो. खडकावरून किंवा धक्क्यावरून टाकणाऱ्याचं काम या दोन्हींच्या मधल्या लांबीवर भागतं. मी 9 फुटांचा घेतला. रॉडवर दोन आकडे छापलेले असतात, लाईनची ताकद आणि फेकायचं वजन. बहुतेक जण पहिला आकडा बघतात. मी दुसरा बघते. माझे लुअर, म्हणजे नकली आमिषं, 30 ते 50 ग्रॅमची, म्हणून 20 ते 60 ग्रॅमचा रॉड. त्यावर 10 ग्रॅमचा लुअर लावलात तर रॉड वाकतच नाही आणि लुअर जवळच पडतो. 100 ग्रॅमचं शिसं लावलंत तर रॉड तुटू शकतो.

रीलच्या बाबतीत मात्र मी घाई केली. गोड्या पाण्यात बरीच वर्षं गळ टाकल्यामुळे आपल्याला रील कळतं असं मला वाटत होतं. दुकानात हँडल फिरवलं, लोण्यासारखं फिरलं. बेअरिंगची संख्या मोठी होती, जास्तीत जास्त ड्रॅग (मासा जोरात ओढायला लागला की लाईन थोडी थोडी सोडणारा ब्रेक) 12 किलो लिहिला होता. घेतलं. माझ्यासोबत समुद्रावर येणारे एक काका आहेत, त्यांनी ते हातात घेऊन उलटं-सुलटं केलं आणि एवढंच म्हणाले, "अगं, नवीन ग्रीसवर सगळीच रीलं छान फिरतात. हे उघडायचं कसं, ते विचारलंस का?" मी विचारलं नव्हतं.

तिसऱ्याच खेपेला हँडल फिरवताना आत वाळू रगडल्यासारखा आवाज यायला लागला. पाचव्या खेपेला मासा लागला, चांगला जोरकस. त्याने ओढ घेतली आणि ड्रॅग सुटायच्या ऐवजी हँडलच उलटं गरागरा फिरलं. उलटं फिरणं रोखणारा आतला क्लच गेला होता. मुठीचा दांडा बोटांच्या पेरांवर बसला, लाईन सैल पडली आणि मासा गेला. पेरं आठवडाभर सुजलेली होती.

वॉरंटी होती. मग तो फॉर्म.

फॉर्मला तीन गोष्टी हव्या होत्या: खरेदीची पावती, अनुक्रमांक आणि बिघाडाचा प्रकार. पावती मी गळांच्या पिशवीतच ठेवली होती. ती उष्णतेवर छापतात त्या गुळगुळीत कागदाची होती, उन्हात तापून जवळजवळ कोरी झालेली. तिरकी धरून, एका बाजूने उजेड पाडून फोटो काढला तेव्हा तारीख कशीबशी वाचता आली. अनुक्रमांक रीलच्या पायाच्या खालच्या बाजूला होता. पाया म्हणजे रॉडच्या सीटमध्ये जो आवळला जातो तो भाग. पाच खेपांत सीटमध्ये घासून आणि तिथेच अडकलेल्या मिठाने खाऊन शेवटचे दोन आकडे पुसले गेले होते. मी खोका फेकला नव्हता म्हणून निभावलं. खोक्याच्या बाजूला तोच क्रमांक चिकटवलेला होता.

बिघाडाच्या प्रकारात तीनच पर्याय होते: निर्मितीतला दोष, अपघात, इतर. मी प्रामाणिकपणे "इतर" निवडलं, कारण दोष आहे की नाही हे मला कसं कळणार? तीन आठवडे काहीच उत्तर आलं नाही. फोन केला तेव्हा पलीकडचा माणूस शांतपणे म्हणाला, "मॅडम, 'इतर' मधले अर्ज आमच्याकडे येतच नाहीत. पुन्हा भरा, 'निर्मितीतला दोष' निवडा." हे फॉर्मवर का लिहिलेलं नाही, असं विचारलं तर म्हणाला, "तो फॉर्म आमचा विभाग बनवत नाही."

पुन्हा भरला. पुन्हा पावती, पुन्हा अनुक्रमांक. या वेळी अनुक्रमांकाचा फोटो रीलवरचाच हवा, खोक्यावरचा चालणार नाही, असं उत्तर आलं. पायावर शिसपेन्सिलीची पूड चोळली, जादाची पुसून टाकली, तेव्हा कोरलेल्या रेषांत काळं राहिलं आणि दोन्ही आकडे उठून दिसले. तो फोटो चालला. त्या दिवशी मला झालेला आनंद खरा होता, वाटलं आता काम झालं.

मग रील पाठवलं आणि सहा आठवडे एकच शब्द बघत बसले: "तपासणीत". रोज सकाळी उघडून बघायचं, तपासणीत. त्या सहा आठवड्यांत समुद्र शांत होता, भरती-ओहोटीच्या वेळा सोयीच्या होत्या आणि माझा 9 फुटांचा रॉड रीलशिवाय भिंतीला टेकून होता. दोनदा फोन केला. पहिल्यांदा कळलं की सुट्या भागाची वाट बघताहेत. दुसऱ्यांदा कळलं की असा कुठलाच भाग मागवलेला नाही. आणि मग ती चिठ्ठी.

वॉरंटीचे नियम मी नंतर वाचले, आधी वाचायला हवे होते. गंज, झीज आणि देखभालीचा अभाव ही तीन कारणं वगळलेली होती. समुद्रावर वापरलेलं रील बिघडतं ते बहुतेक याच तिघांतल्या एकामुळे. तुम्ही घ्याल त्या रीलच्या कागदावर हे वाक्य शोधा. पावतीचा आणि अनुक्रमांकाचा फोटो पहिल्याच दिवशी, रील रॉडवर चढवायच्या आधी काढून ठेवा.

रील मग मीच उघडलं. टेबलावर पांढरं फडकं पसरलं, प्रत्येक स्क्रू काढला की फोटो आणि काढलेला भाग त्याच क्रमाने डावीकडून उजवीकडे. बाजूची झाकणी निघाली तेव्हा पोलादी स्क्रू ज्या ज्या ठिकाणी ॲल्युमिनियममध्ये शिरत होता तिथे पिठीसाखरेसारखी पांढरी भुकटी दिसली. दोन वेगळे धातू एकमेकांना टेकून खाऱ्या पाण्यात भिजले की त्यांची छोटी बॅटरी होते आणि त्यात ॲल्युमिनियम आधी खाल्लं जातं. समुद्राच्या एका लिटरमध्ये साधारण 35 ग्रॅम क्षार असतात. एक थेंब आत सुकला की पाणी उडून जातं, मीठ राहतं आणि हवेतली ओल ओढून पुन्हा ओलं होतं. म्हणजे रील कपाटात असतानाही गंजत असतं.

मोठं गिअर धरणारं बेअरिंग तपकिरी झालं होतं. व्हर्नियरने मोजलं: आतला व्यास 7, बाहेरचा 14, जाडी 5 मिलिमीटर. हे सर्वसाधारण माप आहे, स्टेनलेसचं नवं सहज मिळालं आणि तो रगडल्याचा आवाज तिथेच थांबला. हे मी स्वतःच्या हाताने केलं याचा मला अजून अभिमान आहे. पण क्लच त्या मॉडेलचाच लागतो, दुसरा बसत नाही आणि ते मॉडेल बनायचं बंद झालं होतं. एवढ्याशा रिंगेपायी बाकी सगळं धडधाकट रील निकामी झालं.

म्हणून दुसरं रील घेताना मी दुकानात हँडल फिरवत बसले नाही. आधी विचारलं, याच्या सगळ्या भागांचा क्रमांकांसकट नकाशा मिळतो का. क्लच, बेलची (लाईन गुंडाळणाऱ्या तारेच्या कमानीची) स्प्रिंग आणि लाईन रोलर (लाईन जिच्यावरून वळते ती छोटी चाकी) सुटे मिळतात का, आज मिळतात की मागवावे लागतात. दोन दुकानांत याचं उत्तरच मिळालं नाही, तिथून निघाले. मग बेअरिंगच्या संख्येऐवजी ती कुठली आहेत आणि झाकलेली आहेत का ते पाहिलं. चार चांगली बेअरिंग बारा साध्यांपेक्षा बरी, हे आता मी कुणालाही ठामपणे सांगेन. लाईन रोलरकडे खास बघा. ओल्या लाईनचं सगळं पाणी त्यावरूनच जातं, त्यामुळे तेच आधी जाम होतं आणि एकदा ते फिरेनासं झालं की लाईन घासून तुटते.

आकारावरही फसायला होतं. 3000, 4000, 5000 हे आकडे कुठल्याच मापाचे नाहीत, प्रत्येक कंपनीचे आपापले आहेत. डायवा या जपानी कंपनीने 2018 साली एलटी नावाची रीलं आणली तेव्हा आपलेच आकडे बदलले, त्यामुळे त्यांचं जुनं 4000 आणि नवं 4000 शेजारी ठेवलं तर एकसारखं नसतं. आकडा सोडा, स्पूलवर (लाईन जिच्यावर गुंडाळली जाते त्या चकरीवर) किती जाडीची किती मीटर लाईन बसते ते वाचा. मला 20 पाउंड ताकदीची ब्रेडेड (विणलेली) लाईन 250 मीटर हवी होती, त्यावरून रील ठरलं. ब्रेडेड लाईन गुंडाळायच्या आधी खाली थोडं साधं तंगूस (नायलॉनची लाईन) गुंडाळून घ्या, नाहीतर सगळी लाईन स्पूलवर गोल फिरते आणि ड्रॅग बिघडलाय असं वाटतं.

त्या 12 किलो ड्रॅगचं काय? 20 पाउंड म्हणजे साधारण 9 किलो. ड्रॅग लाईनच्या ताकदीच्या पाव ते तीस टक्के ठेवायचा, म्हणजे सव्वादोन ते पावणेतीन किलो. लाईनच 9 किलोला तुटते, तिथे 12 किलोचा ड्रॅग कशासाठी? मी आता लाईन रॉडच्या कड्यांतून घेऊन ताणकाट्याला बांधते आणि ओढून ड्रॅग लावते. पहिल्यांदा केलं तेव्हा कळलं की अंदाजाने मी जवळजवळ दुप्पट आवळत होते. सुरुवातीला जो झटका बसतो तोही काट्यावर दिसतो. काटा सरळ चढून स्थिर राहिला तर ड्रॅग चांगला. उडी मारून खाली आला तर कितीही महागाचं असो, ते रील मी घेत नाही.

आत पाणी शिरत नाही असं सांगणाऱ्या आयपीएक्स 8 वगैरे शिक्क्यांवर फार विसंबू नका. ती चाचणी गोड्या पाण्यात होते, नव्या कोऱ्या सीलवर. ती सील झिजतात. शिक्का असलेलं रील चांगलं असू शकतं, माझं दुसरं रीलही सीलबंद आहे, पण धुणं चुकत नाही.

रॉडबद्दल एक सांगायचं राहिलं. कड्यांच्या आतली रिंग तडकलेली आहे का हे डोळ्यांना दिसत नाही. कापसाचा बोळा आतून फिरवा, तंतू अडकला तर तिथे चीर आहे आणि तीच चीर ब्रेडेड लाईन कापते. दोन तुकड्यांचा रॉड असेल तर जोडाला मेणबत्तीचं मेण चोळा, नाहीतर मीठ बसून तो असा अडकतो की दोघांनी ओढला तरी निघत नाही.

आणि धुताना: आधी ड्रॅगची चकती पूर्ण आवळा, म्हणजे पाणी आत जात नाही. मग गोड्या पाण्याची हलकी फवार, जोराची धार नाही, कारण ती मीठ आत ढकलते. रील बादलीत बुडवायचं नाही. सीटमधून काढून पायाखालचं मीठही धुवायचं, माझा अनुक्रमांक तिथेच गेला होता. पुसून सावलीत वाळवायचं, रोलरवर तेलाचा एक थेंब, आणि मग ड्रॅग सैल करून ठेवायचा. दुसरं रील असं प्रत्येक खेपेनंतर धुते आहे, दोन वर्षं झाली. गेल्या महिन्यात उघडलं होतं. आतलं ग्रीस अजून निळं आहे.